लोण्याला नाही म्हणता येत नाही

मावशी दोन दिवस राहायला आली होती. निघायच्या दिवशी सकाळी तिला फार काही खायचं नव्हतं, म्हणून मी ब्रेडचे दोन जाड स्लाइस खरपूस भाजले, फ्रीजमधून लोण्याचं भांडं काढलं आणि वाफा निघत असतानाच दोन्हींवर सढळ हाताने लोणी फासलं. ते कडेकडेने वितळत भाजलेल्या जाळीत उतरत गेलं. ताटली तिच्यापुढे ठेवून मी माझा चहा घेऊन समोर बसले. मावशी नेहमीसारखी सावकाश खात होती. मध्ये एकदाच थांबली, हातातला घास तोंडाशी नेता नेता क्षणभर तसाच धरला, आणि मग पुन्हा खाऊ लागली. दोन्ही स्लाइस संपवले, बोटं पुसली, बॅग उचलली. दारात चपलांचे पट्टे लावायला वाकली आणि वर न बघताच म्हणाली, "लोणी झाकून ठेवत जा गं. लोण्याला नाही म्हणता येत नाही."

तिची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी सरळ स्वयंपाकघरात आले आणि चमच्याच्या टोकावर लोणी घेऊन चाखलं. कांदा. आदल्या रात्री अर्धा चिरून वाटीत उघडा ठेवलेला कांदा, त्याच कप्प्यात, लोण्याला खेटून. सकाळी मी नुसता चहाच घेतला होता, त्यामुळे मला पत्ता नव्हता. चूक साधी होती, कुणाच्याही घरात होईल अशी. पण लोण्याला वास लागला यापेक्षा मला दुसरंच काहीतरी टोचत राहिलं. तिला पहिल्या घासाला कळलं होतं.

तरी तिने दुसरा स्लाइसही संपवला.

त्या दिवसापासून लोणी हा माझ्या डोक्यातला विषय झाला. आधी ते नुसतं फ्रीजमधलं एक भांडं होतं. आता मी त्याच्याकडे एखाद्या माणसाकडे बघावं तसं बघायला लागले. लोण्यात ऐंशी टक्के किंवा थोडा जास्त स्निग्धांश असतो, सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी, आणि उरलेला दुधातला घनभाग. आपल्या नाकाला जे वास कळतात त्यांतले बरेचसे रेणू पाण्यापेक्षा चरबीत जास्त सहज विरघळतात. कांद्यातून, लसणातून, कापलेल्या खरबुजातून ते हवेत सुटतात, बंद फ्रीजमध्ये फिरत राहतात, आणि वाटेत उघडं लोणी भेटलं की तिथेच मुक्काम करतात. एकदा शिरलेला वास धुऊन जात नाही. मावशीने विज्ञान शिकलेलं नाही, पण तिच्या एका वाक्यात हे सगळं होतं. लोणी निवड करत नाही. शेजारी जे असेल ते आत घेतं आणि सांभाळून ठेवतं.

आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या दलदलींत, काळ्या कुजक्या मातीखाली, लोक शेकडो वर्षं लोण्याचे गोळे पुरून ठेवत. ही माती, म्हणजे पीट, खणून काढणाऱ्यांना ते अजूनही सापडतात. काही तीन हजार वर्षांहूनही जुने आहेत. पुरले कशासाठी यावर तर्क पुष्कळ आहेत, टिकावेत म्हणून, चोरांपासून लपवावेत म्हणून, देवाला द्यावेत म्हणून. मला त्यातलं एवढंच चित्र दिसत राहतं की लाकडी डब्यात घातलेलं कुणाचं तरी लोणी त्या ओल्या, आंबट अंधारात पडून आहे, पुरणारं माणूस कधीच गेलं, आणि लोणी मात्र मेणासारखं घट्ट होत मातीचा वास घेत बसलं आहे.

आणि याच्या अगदी उलट टोकाला दक्षिण फ्रान्समधलं ग्रास हे गाव. तिथले अत्तरवाले जाई आणि निशिगंधाचा वास काढायला हीच चरबीची खोड वापरत. लाकडी चौकटीत बसवलेल्या काचेवर शुद्ध केलेल्या चरबीचा थर द्यायचा आणि त्यावर ताजी फुलं एकेक करून पालथी मांडायची. ही फुलं खुडल्यानंतरही सुगंध सोडत राहतात. जाईची फुलं दुसऱ्या दिवशी काढून टाकायची, नवी मांडायची, पुन्हा दुसऱ्या दिवशी नवी, असं कित्येक आठवडे. शेवटी ती चरबी इतकी भरून जायची की अल्कोहोलने धुऊन तिच्यातून अत्तर काढत, आणि धुतल्यावरही तिला जो वास उरे त्यावर साबण होत असे. हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून खुर्चीत बसले. माझ्या फ्रीजमध्ये कांदा आणि लोण्यात जे घडलं होतं तेच ग्रासमध्ये जाणूनबुजून, इतक्या प्रेमाने केलं जात होतं.

मग आपणही शेजार निवडून द्यावा.

वनस्पतींची पानं, लिंबाची साल, लसूण, मिरी घालून केलेलं लोणी मी बाहेर खाल्लं होतं, पण घरी कधी केलं नव्हतं. कंपाउंड बटर हे त्याचं प्रचलित नाव मला फार कोरडं वाटतं, औषधाच्या बाटलीवर असावं तसं. घरात आम्ही त्याला वासाचं लोणी म्हणतो. पहिल्या खेपेला मी जे केलं त्याला मात्र लोणी म्हणायलाही जीभ रेटली नसती. रविवारची घाई होती, लोणी दगडासारखं होतं, मी ते मायक्रोवेव्हमध्ये सरकवलं आणि दुसरीकडे वळले. परत आले तर पिवळं पाणी. म्हटलं, काय बिघडलं, गार झालं की पुन्हा घट्ट होईल. बारीक चिरलेली पार्सली घातली, मीठ घातलं, ढवळून फ्रीजमध्ये ठेवलं. संध्याकाळी वाटी काढली तर तीन मजले झाले होते. तळाशी पांढुरकं पाणी आणि त्यात बुडालेली काळपट पानं, मध्ये साका, वर रवाळ, ठिसूळ थर. तोंडात घातल्यावर जिभेवर वाळूसारखे कण लागले.

लोणी वितळलं की त्याची जी घडण असते ती मोडते, हे मला त्या वाटीने शिकवलं. लोणी म्हणजे चरबीत अडकून राहिलेले पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. घुसळताना चरबीचे बारीक स्फटिक तयार होतात आणि ते थेंबांना धरून ठेवतात. लोण्याचा मऊ, रेशमी पोत त्या धरून ठेवण्यातच आहे. पूर्ण वितळवलं की स्फटिक जातात, पाणी सुटून खाली बसतं, आणि सावकाश गोठताना चरबी मोठमोठे कण करत गोठते. मग कितीही फेसा, ते पूर्वीचं होत नाही. तूप म्हणून, फोडणीसाठी ते चांगलंच असतं. पण पानं पोटात घेऊन तरंगत ठेवण्याची ताकद त्यात उरलेली नसते.

म्हणजे लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. ही जागा फार अरुंद आहे. अठरा ते वीस अंशांच्या मध्ये कुठेतरी लोणी असं होतं की बोटाने दाबलं तर खळगा पडतो आणि तसाच राहतो, पण बोटाला चकाकी लागत नाही. त्याच्याखाली ते चुरतं, पानं बाहेर ढकलतं. त्याच्यावर गेलं की कडा तेलकट दिसायला लागतात आणि मग ते हाताबाहेर जातं. पस्तीस अंशांच्या आत तर सगळंच विरघळतं; जिभेवर ठेवल्या ठेवल्या ते जातं ते याचमुळे. आता मी लोण्याचे लहान चौकोनी तुकडे करते, ताटलीत एकमेकांपासून लांब ठेवते, आणि चुलीपासून दूर असलेल्या कट्ट्यावर वाट बघते. उन्हाळ्यात दहा मिनिटंही पुष्कळ होतात, थंडीत तास जातो. त्या वेळात दुसरी तयारी होते, पण खरं सांगायचं तर मी मधूनमधून नुसती जाऊन बोट लावून येते. आधी कडा सैल होतात. मग कोपरे गोलावतात. मग एका क्षणी सुरी टेकवली की ती स्वतःच्याच वजनाने आत जाते.

असं बोट लावून बघणं मी मावशीकडूनच उचललं असणार. सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिच्याकडे असायचो. तिच्या स्वयंपाकघरात खिडकीखाली एक दगडी वाडगं असायचं आणि त्यात लोणी. आम्हाला घाई असायची, आम्ही ते शेगडीजवळ सरकवायला बघायचो, आणि ती न रागावता उचलून पुन्हा खिडकीखाली ठेवायची. "त्याचं त्याला होऊ दे." मग बोटाच्या पेराने दाबून बघायची. बोटाचं टोक नाही, मधलं पेर. टोकाला स्वयंपाकाची उष्णता असते म्हणायची. लाकडी चमच्याच्या पाठीने ती लोणी वाडग्याच्या कडेला दाबत पसरवायची, गोळा करायची, पुन्हा पसरवायची. तो आवाज मला अजून ऐकू येतो, ओलसर, चिकट, एका लयीत. काही न घालता, नुसत्या मिठाचं लोणी असायचं ते. पण मीठ प्रत्येक घासात सारखं लागायचं.

त्या घरात सतत कुणीतरी असायचं. कुणाचा मुलगा परीक्षेसाठी आलेला, कुणी दवाखान्यासाठी, कुणी नुसतंच घरी पटत नाही म्हणून. मावशीने कुणाला परत पाठवल्याचं मला आठवत नाही. मोठी झाल्यावर मला त्याचा अभिमान वाटायचा आणि कधी कधी रागही यायचा, तिच्यावर नाही, त्या सगळ्यांवर. मऊ सापडलं म्हणून कोपराने खणू नये असं आपल्याकडे म्हणतात, आणि खणणारे तिथे पुष्कळ होते. लोण्याला नाही म्हणता येत नाही, हे वाक्य ती दारात वाकून बोलली तेव्हा मला ते फक्त फ्रीजबद्दल आहे असं वाटलं नाही. तिला तसं म्हणायचं होतं का, ठाऊक नाही. विचारायचं धाडस बरेच महिने झालं नाही.

वासाचं लोणी जमायला लागलं तसं एकेक बारकावा कळत गेला. पानांचंच बघा. पार्सली, थाईम, चाइव्ह्ज, कोथिंबीर, काहीही असो, धुतल्यावर ती पूर्ण कोरडी झाली पाहिजेत. चरबीला पाणी नको असतं. ओली पानं घातली की लोण्यात थेंबांचे खिसे होतात, बटर पेपरात वळून ठेवलेली सुरळी कापताना त्यातून हिरवं पाणी झिरपतं, आणि ते लवकर खराब होतं. मी पानं सुती कापडावर पसरते, वर दुसरं कापड टाकून हलक्या हाताने टिपते आणि वीस मिनिटं विसरते. सुरी धारदार हवी. बोथट सुरीने पानं कापली जात नाहीत, चेचली जातात. फळीवर हिरवा डाग राहतो, आणि जो वास लोण्यात जायचा तो लाकडात जातो. थाईमची पानं काडीवरून उलट्या दिशेने बोटं ओढून काढायची. ती इतकी लहान असतात की चिरायची गरज नसते, पण दोन बोटांत जरा चुरडून टाकली की स्वयंपाकघरभर तो वास उठतो, थोडा लाकडासारखा, थोडा कापरासारखा.

लिंबाचं मला सगळ्यात जास्त प्रेम. रस फार घालता येत नाही, कारण तो पाणीच. शंभर ग्रॅम लोण्याला एक चमचा, तोही थेंबथेंब, प्रत्येक थेंब आत गेल्याची खात्री करून. घाई केली की लोणी फाटल्यासारखं दिसतं. पण खरा वास रसात नसतोच, सालीच्या वरच्या पिवळ्या पापुद्र्यात असतो. तिथे तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि ते तेल लोण्यात घरच्यासारखं मिसळतं. म्हणून साल लोण्याच्या वाडग्यावरच धरून किसायची. किसणीवरून उडणारा जो अदृश्य फवारा असतो, ज्याने डोळ्यांना किंचित झोंबतं, तोच तर हवा असतो. कट्ट्यावर किसून मग उचलून टाकला तर अर्धा वास हवेला दिला. पांढरा भाग लागला की कडू होतं, तेवढं सांभाळायचं.

प्रमाण विचाराल तर शंभर ग्रॅम बिनमिठाच्या लोण्याला दोन मोठे चमचे चिरलेली पानं, एका लिंबाची साल, अर्धा लहान चमचा मीठ, मिरीची ताजी भरड. मीठ चाखताना एक ध्यानात ठेवायचं. थंड पदार्थाची चव जिभेला कमी कळते. मऊ असताना मीठ अगदी बरोबर वाटलं तर फ्रीजमधून काढल्यावर ते अळणी लागणार, म्हणून कणभर पुढे जायचं. आणि केल्या केल्या खायचं नाही. पहिल्या तासाला लोणी वेगळं लागतं, पानं वेगळी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकमेकांत गेलेली असतात, जिथे पान नाही त्या टोकालाही पानाचा वास असतो. ग्रासच्या काचांवर रात्रभर जे चालायचं तेच इथे, बटर पेपरच्या आत.

लसणाबद्दल मात्र थोडं सावकाश बोलायला हवं, कारण तो लोण्यातला सगळ्यांचा लाडका आणि त्याच्याशीच सगळ्यात जपून वागावं लागतं. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती चेचली, तिच्या पेशी फुटल्या की आतली दोन वेगवेगळी ठेवलेली द्रव्यं एकत्र येतात आणि तो उग्र वास तिथल्या तिथे जन्म घेतो. म्हणून मी पाकळी मिठाबरोबर सुरीच्या पात्याने दाबत दाबत लगदा करते, तुकडे ठेवत नाही. तुकडा दाताखाली आला की बाकी सगळं झाकोळतं. पण लसूण जमिनीतला, आणि जमिनीत बोट्युलिझम या विषबाधेचे जिवाणू बीजाणूंच्या रूपात असू शकतात. हवा नाही, आंबटपणा नाही, ऊब आहे, अशा जागी ते वाढतात आणि विष करतात, आणि तेलात किंवा चरबीत बुडलेला कच्चा लसूण ही नेमकी तशी जागा. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या चिरलेल्या लसणाच्या बरण्या थंड न ठेवल्यामुळे ३६ माणसं आजारी पडली होती. या विषाला ना वास असतो ना चव. मला हे माहीत नव्हतं तेव्हा लसणाच्या लोण्याची वाटी दोन दिवस कट्ट्यावर राहिली होती, मुलं येताजाता त्यात ब्रेड बुडवत होती. काही झालं नाही. पण वाचल्यावर माझे हात गार पडले. आता लसणाचं लोणी मी थोडंच करते, लगेच फ्रीजमध्ये ठेवते, तीन-चार दिवसांत संपवते, उरणार असेल तर त्याच दिवशी फ्रीजरमध्ये. नाक सगळं सांगतं या माझ्या समजाला तिथे तडा गेला.

फ्रेंच स्वयंपाकात या लोण्यांचा मोठा संसार आहे. ऑगस्त एस्कॉफिए यांनी १९०३ मध्ये शेफसाठी जो जाडजूड पाककृतिसंग्रह काढला त्यात अशी लोणी ओळीने दिली आहेत. सगळ्यात साधं पार्सली, लिंबाचा रस, मीठ आणि मिरीचं, 'मॅत्र दोतेल' नावाचं. त्याच यादीत शेवंडीसारख्या जलचरांच्या कवचांचं लोणीही आहे. कवचं लोण्याबरोबर कुटायची, गरम करायची, गाळायची, आणि लोणी केशरी होऊन येतं, कारण कवचातला रंगही चरबीतच उतरतो. म्हणजे वासच नाही, रंगालाही लोणी घरात घेतं. मी ते केलेलं नाही. पण त्या ओळी वाचताना मला जाणवलं की सॉस ढवळत उभं राहण्याऐवजी या लोकांनी सॉस आधीच करून, गोठवून, कापून ठेवला होता. गरम पदार्थावर एक चकती ठेवली की काम झालं.

ते वितळणं बघण्यासारखं असतं. उकडलेला बटाटा फोडायचा, वाफ बाहेर येऊ द्यायची, आणि मधोमध थंडगार चकती ठेवायची. पहिले काही क्षण काहीच होत नाही. ती तशीच बसलेली असते, हिरवे ठिपके, पिवळ्या सालीचे धागे, कडा कातीव. मग खालून तिचा पाय सुटतो आणि ती जराशी सरकते. कडेला एक पारदर्शक वर्तुळ दिसतं, ते रुंदावतं, पानं मोकळी होऊन त्या प्रवाहात वाहायला लागतात. सर्वात शेवटी चकतीचा मधला भाग, नखाएवढा, अजून गार, अजून घट्ट. तो घास मी नेहमी स्वतःसाठी ठेवते, ज्यात बटाटा गरम आहे आणि लोण्याचा गाभा थंड.

गोड लोण्यांत माझं मन फारसं रमलं नाही. मध आणि दालचिनीचं छान होतं, पण मधातही पाणी असतं, जास्त झाला की सुटून येतो. एक मात्र मी पुन्हा पुन्हा करते. थोडं लोणी पातेल्यात ठेवायचं, आधी ते फेसाळतं, तडतडतं, म्हणजे पाणी जातंय. मग आवाज मंदावतो आणि तळातला दुधाचा अंश तांबूस होऊन भाजलेल्या बदामासारखा वास येतो. लगेच उतरवून, तळातल्या कणांसकट गार करून, ते साध्या मऊ लोण्यात फेसायचं. त्यात काही घालावं लागत नाही. तो लोण्याचाच वास, फक्त मोठा झालेला. बाकी दहा-दहा जिन्नस घातलेली लोणी मला गोंगाटासारखी वाटतात. दोन वास आणि मीठ, फार तर मिरचीची चिमूट. लोणी सगळं आत घेतं म्हणून सगळं घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुरळी वळायला मला सुरुवातीला फार त्रास झाला. आता हात बसला आहे. बटर पेपरच्या एका कडेला लोण्याची लांबट रास ठेवायची, कागद वरून दुमडून आणायचा आणि पट्टीची कड त्या दुमडीत घालून लोणी स्वतःकडे ओढून घट्ट करायचं. आतली हवा निघते, रास गोल होते. मग गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं गोळीच्या कागदासारखी उलटसुलट पिळायची. फ्रीजरमध्ये ठेवायची तर वरून आणखी एक आवरण, कारण तिथेही वास असतात आणि हवा लागली की कडा खवट होतात. आत काय आहे आणि कोणत्या तारखेचं, हे कागदावर लिहायचं. तीन महिने मी धरते, त्यापुढे पानांचा रंग उरतो पण आवाज जातो.

मावशी पुन्हा आली तेव्हा नऊ महिने झाले होते. तिच्या येण्याच्या आदल्या दिवशी मी लिंबाची साल आणि थाईमचं लोणी केलं. सुरळी न करता, तिच्यासारखं वाडग्यातच, लाकडी चमच्याच्या पाठीने. झाकण लावून वेगळ्या कप्प्यात ठेवलं. सकाळी ब्रेड भाजला, लोणी अर्धा तास आधी बाहेर काढलेलं होतं. या वेळी मी ते फासलं नाही, वाडगं आणि सुरी तिच्याजवळ ठेवली. तिने झाकण उचललं, लगेच काही घेतलं नाही. तसंच हातात धरून थोडा वेळ वास घेत राहिली.

"लिंबाची साल."

"हो."

"आणि ते दुसरं… लाकडासारखं?"

"थाईम."

तिने मधल्या पेराने लोण्याची कड दाबून बघितली. खळगा पडला, तसाच राहिला. मग सुरीच्या टोकावर थोडं घेऊन तिने स्लाइसच्या अगदी कडेपर्यंत नीट पसरवलं, कोपरेसुद्धा सोडले नाहीत, आणि खाल्लं. मी कपाच्या कानाशी चाळा करत होते. शेवटी विचारलंच.

"मावशी, गेल्या वेळी लोण्याला कांद्याचा वास होता. तुला कळलं होतं ना?"

"पहिल्या घासाला."

"मग दुसरा का खाल्लास?"

ती चावत होती ते संपेपर्यंत बोलली नाही. बाहेर कुणाची तरी मोटर सुरू झाली आणि बंद पडली.

"तू समोर बसली होतीस ना," ती म्हणाली, आणि दुसरा स्लाइस ओढून घेतला. त्यावर लोणी लावून झाल्यावर सुरी पुसली, वाडग्यावर झाकण ठेवलं आणि ते नीट बसलंय का हे तळहाताने दाबून बघितलं.